लोकाग्रहास्तव निधनवार्ता

नाही, पण बंद केलं होतं ना मी? चांगलं रीतसर बंद केलं होतं! 'वाचकहो, रजा घेतो' म्हणून सगळ्यांना ईमेल टाकला, कॉम्प्युटरवर बायकोनं, आमच्या शुभांगीनं शिवलेला फुलाफुलांचा अभ्रा चढवला, आणि तिला म्हटलं, चहा टाक, सुटलो... तर पुन्हा चालू! आणि का, तर लोकाग्रहास्तव!

तुम्हाला सांगतो, दोन हजार एक साली बँकेतून व्हीआरएस घेतली आणि स्वतःला म्हटलं, ढुंढिराज, जन्मभर दुसऱ्यांच्या खात्यावर लिहिलंस, आता स्वतःचं काहीतरी लिही बाबा. लेखक व्हायचं होतं हो मला! पण छापणार कोण? मग म्हटलं, ईमेल! आपल्या नाशिकची मुलं सगळीकडे पांगलीत, न्यू जर्सी काय, सिंगापूर काय, त्यांना दर पंधरवड्याला एक पत्र पाठवायचं. फुकट! वर्गणी नाही, काही नाही. नाव ठेवलं 'ख्यालीखुशाली'. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत, तेव्हा दुसरी सोय कुठं होती? वर माझा ललित लेख. थंडीतल्या द्राक्षबागा, आपल्या नाशिकच्या द्वारका चौकात रस्ता ओलांडायला उभा राहिलेला म्हातारा, असे विषय. आणि खाली जागा उरली म्हणून दोन ओळी, अमक्यांचं निधन, दशक्रिया अमक्या दिवशी, रामकुंडावर. आता ईमेलला कसली आलीय जागा, पण सवय हो, छापील पेपरची!

लेखाला उत्तर? एक नाही! आमच्या शेजारचा कुंदन सिंगापूरहून सुट्टीला आला, त्याला धरलं. म्हटलं, काय रे, द्राक्षांवरचा लेख कसा वाटला? तर म्हणतो, "कुठला लेख, काका?"

एकच माणूस वाचायचा. नामपूरचे सावळीरामशेठ, कांद्याचे व्यापारी. मी तिथल्या शाखेत होतो तेव्हापासूनची ओळख. प्रत्येक अंकाला त्यांचा फोन, "साहेब, लेख एक नंबर शे! पण त्या म्हाताऱ्याला चौकात तसाच उभा ठेवला तुम्ही, रस्ता ओलांडून द्यायचा ना!" बस्स. पण एका वाचकासाठी माणूस किती दिवस लिहील? केलं बंद.

आणि बंद केल्याबरोबर, अहो, इनबॉक्स भरला! न्यू जर्सीहून माझ्या मित्राची मुलगी मनीषा लिहिते, "काका, प्लीज बंद करू नका, आम्ही वाट बघत असतो, उलट आणखी जास्त द्या!" माझ्या डोळ्यांत पाणी. शुभांगी म्हणाली, "डोळे पुसा आणि आधी विचारा, जास्त काय हवंय ते."

विचारलं. तर ही म्हणते, "ते खालचं, काका!"

"खालचं म्हणजे?"

"कोण गेलं ते! आईला फोन केला की ती म्हणते, अगं, त्या पलीकडच्या काकू गेल्या, तुला साधं कळलं नाही? मग बोलणी बसतात हो. तुमचं आलं की आम्ही आधीच फोन करतो. आणि नुसतं नाव नको ना काका... कशानं गेले, मुलगा वेळेवर पोचला का, तेही लिहा!"

हा लोकाग्रह! पण मी म्हटलं, असू दे. खालचं वाचायला येतील, येता येता वर नजर जाईल. केलं चालू. आणि त्यात मी महामूर्खपणा केला. एका अंकात लिहून बसलो की ज्यांना दशक्रियेला येणं जमत नाही, त्यांच्या वतीनं मी हजर राहीन. कारण आपल्याकडचं तुम्हाला माहीतच आहे, लग्न चुकलं तर एकवेळ चालतं, पण दहाव्याला तोंड दाखवलं नाही तर ते घर जन्मभर ध्यानात ठेवतं. झालं! "काका, आमच्या वतीनं तेवढं..." "काका, शेवटपर्यंत थांबा हं, मधेच उठू नका..." निम्म्या सकाळी माझ्या रामकुंडावर! कोणी विचारलं, आपण मयताचे कोण? सांगायचं, मी न्यू जर्सीकडून. तिथला लहानू न्हावी, तो तर लांबूनच ओरडायचा, "या काका! आज कंच्या देशाकडून?" कोण गेलंय, ओळख ना पाळख, पण मी उन्हात गंभीर चेहरा करून उभा. का? लोकाग्रहास्तव!

आणि मग एके दिवशी नामपूरहून फोन आला. मला वाटलं, सावळीरामशेठ. तर त्यांचा मुलगा. "बाबा गेले," म्हणाला.

दहाव्याला एसटीनं गेलो. या वेळी कोणाचा ईमेल नाही, कोणाचा निरोप नाही. नदीकाठी एकानं विचारलं, आपण कोणाकडून? म्हटलं, या वेळी माझ्याचकडून हो... मुलगा म्हणाला, "साहेब, बाबा तुमच्या लेखाची प्रिंट काढून आणायचे. लिलाव उरकला की अडखळत अडखळत हमालांना वाचून दाखवायचे. कोणी मधे बोललं तर चिडायचे." मी तिथंच रडलो. मला एवढंच तर हवं होतं, आणि मी म्हणत होतो की एकच वाचक आहे, एकच वाचक आहे!

घरी आलो आणि त्यांच्यावर लिहिलं. तुम्हाला सांगतो, असं मी कधी लिहिलं नव्हतं. शुभांगीनं वाचलं आणि डोळे पुसत आत निघून गेली. आणि या वेळी खालचं सगळं काढून टाकलं! म्हटलं, खाली काही नाही म्हटल्यावर वरचं वाचतील, नाइलाजानं का होईना वाचतील! नुसता लेख पाठवला.

मनीषाचं उत्तर आलं. "काका, अंक मिळाला. लेख मोठा होता म्हणून राहिला. पण खाली पाहिलं तर या वेळी कोणीच गेलं नाही! वाचून खूप बरं वाटलं."

कोणीच गेलं नाही...

मग काय करता? लेख काढून टाकला. एक ओळ ठेवली. 'नामपूरचे सावळीराम अहिरे यांचं निधन, दशक्रिया झाली.' अंक पुन्हा पाठवला. आणि अहो, उत्तरांवर उत्तरं! कशानं गेले, वय काय होतं, मुलगा पोचला का... चला, माझं लिहिलेलं एकदाचं सगळ्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.