अंतोबाचा बांध आणि देवाचा खेकडा

मंडळी, एक सांगा मला — आभाळातून पडलेलं पाणी कुणाचं? ज्याच्या शेतात पडलं त्याचं? पुढे बसलेले पाटील मान डोलावतायत! ऐका तर.

कोकणात एक डोंगरउतार. भाताची खाचरं पायरीसारखी. वरचं अंतोबा घडशीचं, खालचं येसूवहिनीचं. तिथली रीत अशी — आपल्याला पेरभर पाणी ठेवायचं, उरलेलं बांधातल्या वाटेनं खाली सोडायचं.

त्या साली श्रावणात पाऊस बारा दिवस गायब! येसूवहिनीचं भात पोटरीला आलेलं — आत दाणा धरायचा, आणि खाली जमीन भेगाळलेली. वर्षाचं अन्न ते! अंतोबाच्या खाचरात मात्र गुडघाभर पाणी. आणि त्यानं वाट लिंपून टाकलेली!

"भाऊजी, थोडं सोडा हो."

"माझ्या शेतात पडलं, माझं! तुझं आभाळ तू बघ, वैनी."

देवानं ऐकलं. देव काही स्वतः येत नाही, त्याला कामं फार — त्यानं खेकडा पाठवला! एवढा! नाही, एवढा — परातीएवढा! हसू नका, मी त्याला तोंडओळखीनं ओळखतो.

खेकड्यानं बांधाला भोक पाडलं. अंतोबानं चिखल कोंबला. त्यानं दुसरं पाडलं. यानं दगड कोंबला. तिसरं पाडलं — आता काय कोंबणार? अंतोबा स्वतःच भोकावर बसला!

...आणि खेकड्यानं नांगी आवळली.

कुठे? — कीर्तनात सांगतात होय असलं!

"मेलो गं वैनी! ओढ मला!"

येसूवहिनी वर आली, बघितलं, पदर तोंडाला लावला. "ओढलं तर नांगी तुटेल, पण सुटायची नाही, भाऊजी. वाहतं पाणी लागलं की खेकडा आपोआप सोडतो."

"मग सोड ना पाणी!"

"मी कशी सोडू? तुमचं ना ते?"

बघा मंडळी! बसल्या बसल्या अंतोबानं दोन्ही हातांनी शेजारचीच, स्वतः लिंपलेली वाट उकरली. पाणी खळखळलं, नांगी सुटली, आणि खेकडा पाण्यावर बसून ऐटीत खाली गेला!

दिवाळीत येसूवहिनीनं नव्या भाताचे पोहे वर पाठवले. अंतोबानं आनंदानं खाल्ले. उभ्यानं! बसायची सवय मोडली होती.

तर पाटील, मघाशी मान डोलावलीत. आपल्या बांधाची वाट उघडी आहे ना? नसेल तर घरी जा खुशाल — फक्त बसताना खाली बघून बसा. बोला, सगळ्यांच्या शेतात बरसणाऱ्या पांडुरंगाचा जयजयकार!