आजीची कोरियन

ताश्कंदमध्ये कोरियाच्या शिष्यवृत्तीच्या मुलाखतीसाठी ताटकळलेल्या नोदिराच्या कानावर शेजारच्या दोघांचं बोलणं पडत होतं.

"रिम्मा, तू तर जन्मानंच कोरियन. तुला कसली भीती?"

"स्टालिननं आमच्या पूर्वजांना इथं आणून टाकलं, तेव्हाची कोरियन आजी अजून बोलते. मागच्या वर्षी मी तशीच बोलले, तर परीक्षक म्हणाले, असं आमचे पणजोबा बोलायचे! नापास. शेवटी तुझ्यासारख्या, कोरियन मालिका बघून भाषा शिकलेल्या उझबेकाची शिकवणी लावावी लागली."

"संशोधन कशावर?"

"आजीच्याच बोलीवर. गल्लीत बोलणारे तिघंच उरलेत."

"मग सोलला कशाला?"

"बोली टिपून कशी ठेवायची, ते तिथं शिकवतात."

"आणि तोवर आजी?"

"म्हणाली, दोन वर्षं मरत नाही. पण यंदाही आपटलीस, तर माझी हमी नाही."

इतक्यात नोदिराचं नाव पुकारलं गेलं. ती उठली नाही.

"आधी तुम्ही जा," ती रिम्माला म्हणाली. "आजींना ताटकळत ठेवू नका."