ऑटर नॅरोजहून चाळीस मिनिटं

वीणा : चाळीस मिनिटं, दादा! ऑटर नॅरोजहून विलो पॉइंटला विमानानं फक्त चाळीस मिनिटं लागतात. आणि तू त्या म्हातारीला विनिपेगला नेऊन बसवलंस?

राजन : मी नाही, सिस्टीमनं रूट दिला. मी फक्त तिकीट बुक केलं. मधे थेट फ्लाइट नाहीये, तुला माहितीये.

वीणा : शेजारच्या गावाला जायला सहाशे किलोमीटर खाली, हॉटेलात मुक्काम, मग पुन्हा तेवढंच वर! नाशिकहून पुण्याला जायला कुणी हैदराबादला जातं का?

राजन : फोनवर ओरडू नकोस. चार्टरला, म्हणजे खास विमानाला, मॅनेजरचं अप्रूव्हल लागतं.

वीणा : मागितलंस?

राजन : हे बघ, चार्टर पेशंटसाठी असतं. पेशंट विलो पॉइंटची मार्था. ही म्हातारी, अ‍ॅग्नेस, तिची बहीण, म्हणजे व्हिजिटर. व्हिजिटरला…

वीणा : मार्था मरायला टेकलीय. मागितलंस का, दादा?

राजन : नाही. अकरा वर्षं पेशंटच्या प्रवासाच्या या डेस्कवर आहे मी. उत्तर काय येणार ते ठाऊक असतं.

वीणा : काल इथे ऑटर नॅरोजला माझ्या दवाखान्यासमोरून सामानाचं विमान उडालं, विलो पॉइंटलाच. दूध, डायपर आणि कुणाची तरी स्नोमोबील. ती पोचली चाळीस मिनिटांत!

राजन : कार्गोत माणसं बसवत नाहीत.

वीणा : बसवतात. पायलटशेजारी. मी स्वतः दोनदा गेलेय. एक फोन करायचा होतास!

राजन : बरं, चुकलं. उद्या आठची फ्लाइट आहे तिची. दुपारी असेल बहिणीजवळ.

वीणा : मार्था गेली, दादा. तासाभरापूर्वी. विलो पॉइंटच्या नर्सचा फोन आला. सकाळपासून विचारत होती म्हणे, अ‍ॅग्नेसचं विमान उतरलं का.

राजन : अरे देवा.

वीणा : आता अ‍ॅग्नेसला कोण सांगणार?

राजन : हॉटेलच्या फ्रंट डेस्कला कळवतो. ते रूममध्ये…

वीणा : फ्रंट डेस्क? बाबा गेले तेव्हा तू टोरांटो एअरपोर्टवर होतास. तुला काय चेक-इनवालीनं सांगितलं?

राजन : नाही. तू सांगितलंस.

वीणा : मग गाडी काढ. तुझ्या ऑफिसपासून दहा मिनिटांवर आहे ते हॉटेल.

(त्याच संध्याकाळी, पुन्हा फोनवर.)

राजन : सांगितलं तिला. रडली नाही. मला म्हणाली, बस इथे. मग विचारलं, तिकीट तूच काढलंस का? हो म्हटलं.

वीणा : शिव्या घातल्या असतील. घालायलाच हव्यात.

राजन : घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मला बसवेना, म्हणून तिथूनच मॅनेजरला फोन लावला. म्हटलं, मातीला तरी वेळेत पोचू दे, चार्टर द्या.

वीणा : मग? व्हिजिटर म्हणून नाही म्हणाला?

राजन : लगेच हो म्हणाला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

वीणा : काय?

राजन : म्हणाला, अशा वेळी देतो की आपण. परवा तिकीट काढतानाच का नाही विचारलंस?

वीणा : अ‍ॅग्नेसला काय सांगितलंस मग?

राजन : काही सांगावं लागलं नाही, वीणा. फोन स्पीकरवर होता.