स्वयंपाकघरापर्यंतची रेल्वे

—न्हाई रे बाबा, फडताळ न्हाई, रेल्वे! सुतार असून एवढं कळंना तुला, धुळाजी? ही बघ गाडी — माजलगावच्या बाजारातून आणली, इंजिन आन् चार डबे, सेलवर चालती. हसू नको बे. टेप धर. बैठकीच्या चारी भिंतींना फळी मारायची, चौकटीच्या वरून, सात फुटावर — खाली घेतली तर दार आडवं येतंय. फळी वीतभर रुंद, कोपऱ्यात मात्र हातभर, कारण वळताना ही ढुंगण बाहेर काढती, बुलेटवरच्या सरपंचासारखी. टीव्हीवरून जायची, मग आबांच्या फोटोपुढून — जन्मभर एस.टी.ची वाट बघितली म्हाताऱ्यानं, आता घरातच गाडी बघू दे. आन् मग इथं, ह्या भिंतीत, भोक. — पलीकडं काय म्हणजे? स्वयंपाकघर! — कावून म्हणजे? चहा मागवायला. — सांडंल? बरं, मग सुपारी मागवायला. तुला काय करायचंय? हा गहिनीनाथ सांगतो तिथं भोक पाड आन् मोकळा हो.

हळू बोल मात्र. आत आमची छबुबाई हाय. ऐकती सगळं, बोलत न्हाई. — तुझ्याशी बोलंल की! कुत्र्याशी बोलती, मिक्सरला शिव्या देती. माझ्याशी न्हाई. अकरा महिने झाले. — काय केलं म्हणजे? मी काय करणार? सातवी नापास माणूस, थट्टेशिवाय येतंय काय मला? तुझ्या लग्नात तुझ्या सासऱ्याच्या फेट्यात बेडूक कुणी ठेवलता? — तुला ठाऊक नव्हतं? जाऊ दे, वीस वर्षं झाली, बेडूकबी मेला असंल. आन् हिची थट्टा तर मी रोजच करायचो. लग्न झाल्यापासून म्हणायची, परळीला नेऊन रेल्वेत बसवा. नेली एकदा. नवं लुगडं, दशम्या, चटणी, सगळं बांधून घेतलं तिनं. ठेशनावर उभी केली, मालगाडी दाखवली, म्हटलं ही बघ, कोळशात बसतीस का? आन् आणली माघारी. तवा हसलती. खरंच हसलती, धुळाजी, दशम्या बाकड्यावरच खाल्ल्या आमी.

मग पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काय डोक्यात आलं — नाकात कापूस घातला, पायाचे अंगठे सुतळीनं बांधले, चादर ओढली आन् पडलो बाजेवर मरून. म्हटलं, बोंबलंल, शेजारी गोळा होतील, आन् भरल्या गर्दीत मी उठून म्हणन, चहा टाक! — हसलास ना? मीबी हसत हुतो, चादरीखाली पोट गदगदत हुतं. ती आली. बोंबलली न्हाई. नुसती उशाशी बसली. लई वेळ बसली. आन् मग — खाट्. बाजेच्या लाकडावर. खाट्. दोन्ही मनगटं. बांगड्या फोडल्या तिनं. ह्या कामाला बाया येतात, धरून करायला लावतात — हिनं कुणाची वाटच बघितली न्हाई. मी उठलो. उठलो ती चूक न्हाई रे — हसत उठलो. तिच्या हातातून रगत चाललंय आन् मी कापूस नाकात ठेवून दात काढतोय. माझ्याकडं बघून एवढंच म्हणली, "तुमच्यावरचं रडणं माझं आज रडून झालं." ते शेवटचं.

तवापासून कपाळाला कुंकू लावती, लोकांसाठी. हात मोकळेच. कासारीण, सुभद्राबाई, दोनदा आली, दारातूनच वाटंला लावली. मी बांगड्या आणल्या, तिच्या ताटापाशी ठेवल्या — जेवण झाल्यावर बघतो तर माझ्याच उशीखाली. म्हणून म्हटलं, माझ्या हातानं न्हाई, रेल्वेनं जाऊ द्या. एक डझन हिरव्या, सव्वादोनचं माप, पहिल्या डब्यात कापसात गुंडाळून — न्हाई, कापूस नको. तुरीच्या भुशात. — मी कशाला रडतोय बे? तुझ्या टेपवरची धूळ हाय ती. चहासाठी म्हटलं ना, चहासाठीच भोक पाडायचंय, गावात भलतं सांगू नको.

काय? सात फुटावर तिचा हात पुरंल का? — आयला. हे ध्यानातच आलं न्हाई. पाच फुटाचीबी न्हाई ती, आन् गुडघे असले, स्टुलावर चढायची न्हाई. म्हणजे गाडी तिच्या डोक्यावर जाऊन उभी ऱ्हायची आन् —

सरक. धुळाजी, सरक बाजूला, तिला येऊ दे. — पेन्सिल मागती तुझी. कानावरची! दे की, बघत काय बसलास? — छबू, अगं ती भिंत...

टेप लाव. तिनं रेघ मारली तिथं लाव. किती? साडेतीन फूट. — कळतंय मला, मीबी बघतोय, एवढ्या खालून नेली तर फळी दाराला आडवी येती. येऊ दे. मी वाकून जाईन. येता वाकन, जाता वाकन. — न्हाई, बोलली कुठं? काय न्हाई बोलली. रेघ मारून आत गेली.

उचल तुझी पिशवी. उद्या सकाळी फळ्या घेऊन ये. — आज न्हाई. आज काय न्हाई विचारायचं. जा म्हणतो ना, जा!