पुंजाजीच्या आवाजात

सन्माननीय अध्यक्ष किसनराव पाटील, व्यासपीठावरील वडीलधारी मंडळी, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते आमचे त्र्यंबकराव गुरुजी, आणि देऊळघाटच्या माझ्या बंधुभगिनींनो,

गुरुजी उद्या मलकापूरला गाडीत बसतील आणि मुलाकडे कायमचे राहायला जातील. त्यांचे मानपत्र लिहिण्याचे काम समितीने माझ्याकडे दिले. मसुदा पाहून अध्यक्ष म्हणाले, "वकीलसाहेब, एवढूसंच काऊन लिवलं? हे मानपत्र हाय का वैद्याची चिठ्ठी?" हसू नका, पाटील, तुम्हीच म्हणालात! त्याचा खुलासा करायचा, तर मी लिहितो कसा, हे सांगावे लागेल.

गुरुजींच्या वर्गात निबंधाचा एक नियम होता. लिहिणाऱ्याने वाचायचे नाही. आपले लिहिलेले आपण वाकड्या जागीही सरळ वाचतो. म्हणून शेजारच्याने वाचायचे आणि लिहिणाऱ्याने उभे राहून ऐकायचे. वाचणारा जिथे अडखळेल, तिथे लिहिणाऱ्याची चूक.

माझा शेजारी पुंजाजी. माझे सगळे निबंध तो वाचायचा. भारी शब्द आला की थांबायचा आणि साऱ्या वर्गादेखत विचारायचा, "हे कोन बोलून राह्यलं बे? तू त असा बोलत नाहीस." मला त्याचा राग येई. घरी जाऊन शब्द मात्र मी खोडत असे.

मानमोडीच्या तापाच्या साथीत पुंजाजी गेला. शाळा पुन्हा उघडली तेव्हा माझा निबंध तयार होता आणि शेजारची जागा रिकामी होती. दुसरा मुलगा वाचायला उठला. गुरुजींनी त्याला खाली बसवले. म्हणाले, "आज कोणी वाचणार नाही. तू उभा राहा." निबंध वाचायला जेवढा वेळ लागला असता, तेवढा वेळ सारा वर्ग गप्प बसून राहिला. त्या शांततेत मला माझा निबंध ऐकू आला. पुंजाजीच्या आवाजात.

तेव्हापासून मी असाच लिहितो. नागपूरच्या कॉलेजातले निबंध, कोर्टातले अर्ज, रोजची रोजनिशी, सारे आधी तो वाचतो. अडखळला की मी खोडतो. माझे केस पिकू लागले. तो आवाज अजून फुटलेला नाही. कधी मनात येते, मी त्याला जपले की आपल्या सोयीसाठी अडकवून ठेवले? याचे उत्तर मला रोजनिशीतही लिहिता आलेले नाही.

मानपत्रात मी प्रथम लिहिले, 'आपण आम्हांस पुत्रवत् वाढविले.' तो अडखळला. 'ज्ञानगंगा' लिहिले, तिथे तर हसला. पाटील, असे करता करता चिठ्ठीएवढेच उरले! शेवटी मी त्या शांत वर्गाविषयी एक वाक्य लिहिले. तिथे तो अडखळला नाही, हसलाही नाही. नुसता गप्प झाला. मी पुन्हा पुन्हा त्या वाक्याशी गेलो. आवाज नाही. स्वतःच्या मरणाचे वाक्य त्याने तरी कसे वाचावे?

ते वाक्य मी काढू शकलो असतो. पण गुरुजी, आपल्याविषयी मला ठाऊक असलेले सर्वांत खरे वाक्य तेच आहे, आणि ते अजून कोणीच ऐकलेले नाही. म्हणून मी मंजुळाबाईंकडे गेलो. पुंजाजीची ही धाकटी बहीण आज मुलींच्या शाळेत शिकवते. ते वाक्य सभेत वाचाल का, असे मी भीत भीत विचारले. त्या म्हणाल्या, "भाऊ, मले त्याचा आवाज आठवतच नाही. मी लहान होती. पन वाचीन."

आज त्यांनी ते वाक्य वाचल्यावर माझ्या कानात कोणाचा आवाज राहील, मला माहीत नाही. कदाचित उद्यापासून मला नुसता कागद दिसेल. गुरुजी, आपण जाणार, तोही जाणार, असे होईल का? होऊ द्यावे.

सभेने इतका वेळ ऐकून घेतले, समितीने विश्वास टाकला, त्याबद्दल मी ऋणी आहे. बोलण्यात काही अधिकउणे आले असेल तर मनात ठेवू नये.

मंजुळाबाई, या, हा कागद घ्या. अडखळलात तर संकोच नको. ती चूक माझी. मी उभा आहे.