दोरी न कापण्याबाबत मयताच्या पत्नीचा जबाब

मी मयताची पत्नी, वय ४४, धंदा ग्रंथपाल, राहणार गोदीमागची वसाहत, दुसरा मजला, समक्ष विचारल्यावरून सांगते की, माझे पती सुतार होते. सुट्टीच्या दिवशी ते श्वास रोखून बुडी मारत आणि भाल्याने मोठे मासे मारत. भाला सोडणारी रबरी पट्ट्यांची लाकडी बंदूक त्यांनी स्वतः बनवली होती.

मोठ्या माशासाठी भाल्याची दोरी तरंगत्या बोयाला बांधतात. भाला लागला की बंदूक सोडायची. मासा बोया ओढून दमतो आणि माणूस वर येऊन श्वास घेतो. मागच्या महिन्यात एक मासा बोयासकट गेला. जेवताना माझे धाकटे दीर, म्हणजे या प्रकरणातील तक्रारदार, म्हणाले, "दादा, मासा आणायला गेला होतास की बोया पोचवायला?" सगळे हसले. मीही हसले. त्यानंतर पती दोरी बोयाऐवजी स्वतःच्या कमरपट्ट्याला बांधू लागले.

रविवारी सकाळी मी होडीत होते. दोरी पाहून होडीवाला म्हणाला, "भाऊ, हे बरं नाही." पती म्हणाले, "तू होडी सांभाळ. कंबर माझी आहे."

मासा ट्यूना होता, जवळपास माणसाएवढा. भाला शेपटीकडे लागला. पतींनी वर येऊन होडीचा काठ धरला. दोरी खाली ताणलेली होती. होडीवाल्याने सुरी काढून पाण्यात हात घातला. पतींनी त्याचे मनगट धरले. "कापायची नाही. दमलाय तो." होडीवाला मला म्हणाला, "वहिनी, तुम्ही तरी सांगा." मी काही बोलले नाही. मग पतींचा काठावरचा हात सुटला. होडीवाल्याने सुरीसकट उडी मारली. तो पुन्हा पुन्हा खाली गेला आणि रिकामा वर आला.

दुपारी प्रेत मिळाले. दोरी पट्ट्यालाच होती. दुसऱ्या टोकाला नुसता भाला होता.

होडीवाल्याने मुद्दाम दोरी कापली नाही, ही दिरांची तक्रार खरी नाही. ते होडीत नव्हते. "वहिनी, तुम्हाला काही दिसलं नाही, एवढंच सांगा," असे ते कालपासून म्हणत आहेत. मला सर्व दिसले. होडीवाल्याला सोडावे.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात 'घाबरल्यामुळे बोलू शकले नाही' असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले. मी घाबरले नव्हते. मासा दमला आहे, असे मलाही वाटले होते. या दुरुस्तीसह जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.