मखमलीवरची खूण

नाही मॅडम, त्याच्यावर नका बसू — तुमचाच सोफा आहे, माहितीये मला, पण चादर काढेपर्यंत नको. ते स्टूल घ्या. त्याच्यावरचा ब्रश ठेवा बाजूला — ओला आहे? ओला कसा असेल, मी तर कालपासून हात लावला नाही त्याला — असू दे, हात पुसा. की उभ्याच राहता? राहा. तुम्ही उभ्या राहिलात तर मला चालेल. नाही हो, गंमत केली. टेम्पोवाला येईलच इतक्यात, तोवर कापड बघून घ्या — हा उरलेला तुकडा, हात फिरवा. फिरवा ना. बघितलंत, एकदा लावलेला हात काढवत नाही. माणसं इथं येतात, म्हणतात टिकाऊ काहीतरी दाखवा, डाग न पडणारं, धुता येणारं — मी एकेक गठ्ठा काढते, ती माना डोलावतात, आणि हात बघावा तर कुठं? मखमलीवर. तोंडानं टिकाऊ-टिकाऊ चाललेलं असतं आणि बोटं आपली हिंडतायत. कारण बाकीच्या कापडाला रंग एक, हिला दोन. ही लव असते ना, बारीक केसांसारखी, ती खाली झुकली की फिकी आणि उलटी फिरवली की गडद. सकाळच्या उजेडात वेगळी दिसते, दिवा लावला की वेगळी. ओकीबोकी खोली असू द्या, एक मखमली खुर्ची ठेवली की वाटतं इथं कुणीतरी सुखात राहतंय. वाटतं हं. राहतं की नाही ते आपण कोण सांगणार.

पण एक आहे — हिच्यापासून काही लपत नाही. बोट टेकवा, बोट दिसतं. बसून उठा, बसल्याची खूण दिसते. म्हणून तर आमच्या धंद्यात काम संपलं की आधी बसून बघतात — ज्यानं शिवलं त्यानंच. बसायचं, उठायचं, मागं वळून बघायचं, लव कुठं मोडली, कापड कुठं ओढलं जातंय, टाका कुठं ताणतोय. बसल्याशिवाय कळतच नाही ते. हे मला आईनं शिकवलं. आई आत आहे, पडद्यामागं. या सोफ्याचं पहिलं कापड तिनंच चढवलं होतं. तुमच्या घरी येऊन. हो, तेव्हाही हाच हिरवा रंग. परवा तुम्ही सोफा नवं कापड चढवायला घेऊन आलात आणि म्हणालात, पहिल्यांदा जिनं केलं त्या बाईचा हात फार सफाईदार होता, आता कुठं असेल कोण जाणे — मी खाली वाकून माप घेत होते, म्हणून माझं तोंड तुम्हाला दिसलं नाही.

बघा आठवतंय का. उंच खिडक्यांचा दिवाणखाना. नऊ दिवस आम्ही मायलेकी तुमच्या फरशीवर बसून शिवत होतो, मी तेव्हा एकोणीस वर्षांची. नवव्या दिवशी संध्याकाळी पाहुणे यायचे होते. शेवटचा खिळा ठोकला, आई बसून — तपासायला म्हणून बसली, उठली, आणि तेवढ्यात तुम्ही पाहुण्यांना घेऊन आत. तुम्ही सोफा बघितलाच नाहीत. खूण बघितलीत. ‘यावर कोण बसलं होतं?’ आवाज चढवला नाहीत, तेवढं मानते. आई म्हणाली, मी बसले बाईसाहेब. तुम्ही तिच्या हातात ब्रश दिलात. सहा माणसं उभी होती, सहा, आणि माझी आई गुडघे टेकून ती खूण पुसत होती, आणि तुम्ही बोटानं दाखवत होतात — अजून दिसतेय. इकडं. अजून. मग हसून पाहुण्यांना म्हणालात, बसा आता, आता स्वच्छ आहे. त्यानंतर त्या सहा घरांतून एकही बोलावणं आलं नाही आम्हाला. ‘त्या बायका लोकांच्या सोफ्यांवर बसतात.’ एवढं एक वाक्य पुरलं.

पर्सची चेन कशाला उघडझाक करताय. मी ओरडतेय का? नाही ना. मी फक्त काय केलंय ते सांगतेय, कारण घरी गेल्यावर तुम्हाला कळेलच, आणि कळेल तेव्हा तुमचं तोंड बघायला मी तिथं नसेन. मखमलीला चांगली वाफ दिली आणि ओली असतानाच वजनाखाली दाबली ना, तर खूण बसते ती बसतेच. हातानं जात नाही, ब्रशानं जात नाही. ती काढू शकेल असा सगळ्या बाजारात एकच हात आहे, आणि तो आईचा. काल दुपारी मी मधल्या बैठकीला भरपूर वाफ दिली, वर पातळ चादर टाकली आणि आईला म्हटलं, इथं बस, वाटाणे सोल. दोन तास बसली. का म्हणून विचारलं नाही. जन्मभर हेच काम केलेली बाई, तिला खालचा ओलावा कळला नसेल? कळला असणार. तरी बसली. आता न्या घरी. पाहुणे येऊ देत, विचारू देत यावर कोण बसलं होतं म्हणून. घासत बसा. मरेपर्यंत घासत बसा.

आणि खूण चांगली मोठी आहे बरं का, तेव्हाच्यासारखी नाही. ती केवढीशी होती — एका अंगाला कललेली, कडेला दोन टाचांचे — नाही. टाचा नाही. आई तपासायला... तपासायला बसलेलं माणूस पाय वर घेत नाही, हो ना? असं काय बघताय. मी बसले होते. आई कोपऱ्यात कात्री-हातोडी पिशवीत भरत होती, आणि मी पाय वर घेऊन, डोकं मागं टेकून — नऊ दिवस त्या कापडाला नुसती सुई लावली होती, म्हटलं एकदा पाठ लावून बघू. दोन मिनिटं. तुमची पावलं ऐकली आणि ताडकन उठले. तुम्ही विचारलंत कोण, आई म्हणाली मी, आणि माझी दातखीळ बसली. तुमच्या सहा पाहुण्यांच्या रांगेत मी सातवी. ती पुसत होती आणि मी बघत होते. आजवर एका शब्दानं तिनं मला — पण ब्रश तुम्ही दिलात. तो तुम्हीच दिलात ना? मग झालं तर.

थांबा, चादर काढते. हे बघा. मधोमध. ही —

इथंच होती. काल संध्याकाळी मी स्वतः बघितली. थांबा, तो पडदा सरकवा, बाजूनं उजेड येऊ दे. नाही. सगळी लव एका दिशेला, विंचरून ठेवल्यासारखी. एक केस इकडचा तिकडं नाही — तो ब्रश. ओला होता म्हणालात.

आई. ए आई. काय केलंस हे? एवढं करून मी — काय? मोठ्यानं बोल, ऐकू येत नाहीये. काय म्हणालीस?

‘खूण पाडायची होती तर स्वतः बसायचं होतंस.’

बरं.

मॅडम, जरा सरका. अजून. चपला काढते, म्हणजे पाय वर घेता येतील. असं. आई, तू पण ये बाहेर, जागा आहे दोघींना — ये गं, मॅडम घाबरल्यात, काही बोलणार नाहीत. आता विचारा, मॅडम. विचारा ना, पहिल्यांदा विचारलं होतंत तसंच, यावर कोण बसलंय म्हणून. मी बसलेय. मी.

टेम्पो आलेला दिसतोय. जा, त्याला सांगा, थांब थोडा. आणि जाताना दारात उभ्या राहू नका — उजेड अडतो.